पट्टीसाहेबांची वाकडी फळी

जेवताना बोलू नये असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. ते ठसका लागतो म्हणून सांगितलं असावं, असा पट्टीसाहेबांचा इतकी वर्षं समज होता. खरं कारण त्यांना साडूच्या घरी, दुसऱ्यांदा भात वाढून घेताना कळलं.

साडू हे हातानं वस्तू करणारे गृहस्थ. चपलांचं कपाट त्यांनी केलेलं, भिंतीतून बाहेर येणारं टेबल त्यांनी केलेलं, आणि पट्टीसाहेब ज्या खुर्चीवर बसून जेवत होते ती खुर्चीही त्यांचीच. प्रत्येक वस्तू दाखवताना ते तिच्यावर एक थाप मारत. खुर्चीवर माणूस बसलेला असल्यामुळे त्यांनी ती थाप पट्टीसाहेबांच्या पाठीवर मारली आणि विचारलं, "आणि साडूभाऊ, तुम्ही हातानं काय करता?"

"सह्या," पट्टीसाहेबांची बायको म्हणाली.

सगळे हसले. मेव्हणी तर इतकी हसली की तिला वाढायचा डाव खाली ठेवावा लागला. परक्यानं हसणं वेगळं आणि स्वतःच्या बायकोनं विनोद करून तिच्या माहेरच्यांनी हसणं वेगळं. पट्टीसाहेबांच्या डोक्यात काहीतरी सणकलं आणि ते बोलून गेले, "मी सध्या व्हिडिओ गेमचं कपाट करतोय. अख्खं. पुढच्या महिन्यात जेवायला या आमच्याकडे, खेळायलाच या."

आता हे कपाट त्यांना कुठून सुचलं, तर कॉलेजच्या दिवसांतून. तेव्हा कॉलेजसमोर एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि आत माणसाच्या उंचीची लाकडी कपाटं रांगेत उभी असत. मध्ये टीव्हीसारखा पडदा, त्याखाली खेळायची दांडी आणि बटणं. पट्टीसाहेबांनी तिथं अर्थशास्त्राचे तास मन लावून घालवले होते. त्यांच्या तोंडून त्या क्षणी विमान किंवा पाणबुडीही निघू शकली असती. त्या मानानं कपाट निघालं हे नशीबच म्हणायचं.

 घरी परतल्यावर जिना चढताना बायको म्हणाली, "कपाट करताय हे आधी सांगायचंत. मी अजून मोठ्यानं हसले असते."

त्यांना पट्टीसाहेब का म्हणतात तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं दुःख नीट समजेल. ते पट्टीचे साहेब म्हणून नव्हे, तर पट्टी लावल्याशिवाय रेघ मारत नाहीत म्हणून. नोकरी नकाशाच्या कचेरीत. त्यातही त्यांच्याकडे फक्त भूखंड. भूखंडाला चार कोपरे असतात आणि त्यांच्यामध्ये सरळ रेघा असतात. नद्या, ओढे, घाटातले रस्ते असलं काही आलं की ते कागद पलीकडच्या टेबलाकडे सरकवत. उभ्या आयुष्यात त्यांच्या पेन्सिलीनं वळण असं घेतलेलं नव्हतं. आणि व्हिडिओ गेमच्या कपाटाची गंमत अशी, की त्याच्या दोन बाजूच्या फळ्या म्हणजे नुसती वळणं. डोक्याकडे फळी पुढे झुकते, पडद्यापाशी आत जाते, बटणांपाशी गोल फुगून बाहेर येते आणि तिथून हळूहळू पायाशी उतरते. दोन्ही फळ्या हुबेहूब सारख्या हव्यात. बाकी कपाट म्हणजे नुसतं खोकं. खरं कपाट त्या दोन फळ्यांतच.

प्लायवूड आलं आणि ते लिफ्टमध्ये मावेना. उभं मावेना, आडवं मावेना, तिरकं घातलं तर दार लागेना. मग जिन्यानं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं काही अडकलं, की पुढं जाईना आणि मागं येईना. त्याच्या वरच्या बाजूला निवृत्त हेडमास्तर भाजीची पिशवी घेऊन उभे राहिले. हेडमास्तरांना नजरेनं कमी दिसे आणि बोलायला जास्त लागे.

"कोण आहे तिकडे?"

"मी, पट्टीसाहेब. प्लायवूड अडकलंय."

"कर्ण मोजला होता का?"

"नाही."

"मग अडकणारच. आयताची सर्वांत मोठी लांबी कोणती? कर्ण. सातवीत शिकवतो आपण. आता डावं टोक वर घ्या."

डावं टोक वर घेतलं. भिंतीचा रंग निघाला. उजवं घेतलं, दिव्याची काच फुटली. शेवटी प्लायवूड सुटलं ते हेडमास्तरांनी संतापून पलीकडून पिशवीसकट ढकललं तेव्हा. सुटलं आणि पट्टीसाहेबांसकट अर्धा मजला खाली गेलं. भूमितीत याला काय म्हणतात हे हेडमास्तरांनी सांगितलं नाही.

मग आखणी. हॉलमधला सोफा भिंतीला गेला, टीपॉय सोफ्यावर गेला आणि जमिनीवर प्लायवूड पसरलं. पट्टीसाहेब पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसले. बराच वेळ बसले. हातातून जी पहिली रेघ उमटली ती सरळ होती. दुसरीही सरळच होती, फक्त थोडी घाबरलेली. मग त्यांनी घरातल्या गोल वस्तू गोळा केल्या. कपाळासाठी ताट, पडद्याच्या खोबणीसाठी पातेलं आणि बटणांच्या फुगवट्यासाठी बादली. बादलीच्या आधारानं काढलेला फुगवटा मात्र झकास आला. गोल, भरदार, आत्मविश्वासानं पुढे आलेला. पट्टीसाहेब उठून लांब उभे राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

बायको मान तिरकी करून बघत होती. "ओळखीचं वाटतं," ती म्हणाली. "कुठं पाहिलंय ते आठवत नाही. आणि माझी बादली द्या."

कापण्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी छोटी करवत भाड्यानं आणली. ती हॉलमध्ये एकदाच चालू केली. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई धावतच वर आल्या. त्या आवाजानं त्यांचा पेशंट तोंडात कापूस असताना खुर्चीतून उठून रस्त्यापर्यंत गेला होता. मात्र करवत बघून त्यांचा राग निवळला आणि डोळ्यांत व्यावसायिक चमक आली.

"कोपऱ्यात आधी भोक पाडा," त्या म्हणाल्या. "मग पातं घाला. आणि दाबू नका हो. किडलेला भाग आपोआप सुटतो."

"यात किडलेलं काही नाही."

"सगळे असंच म्हणतात."

तेव्हा काम गच्चीवर न्यायचं ठरलं. गच्चीसाठी सेक्रेटरींची परवानगी लागे. इमारतीचे सेक्रेटरी हे मोठं प्रस्थ. माणूस खोलीत येण्याआधी त्यांचं पोट येई. पोटामागून ते येत आणि त्यांच्यामागून नियम येत. नियमाप्रमाणे गच्ची तीन कामांसाठी होती. कपडे वाळवणं, टाकी पाहणं आणि हवा खाणं. फळी कापणं यांपैकी कशात बसतं, यावर सेक्रेटरींनी बराच विचार केला.

"अर्ज करा. कामाचं स्वरूप लिहा."

पट्टीसाहेबांनी लिहिलं, 'वक्राकार फळ्या कापणे.'

"वक्राकार म्हणजे नक्की किती वाकडं? उद्या तुम्ही म्हणाल वक्राकार आणि गच्चीवर होडी बांधाल. आकृती जोडा."

पट्टीसाहेबांनी फळीची छोटी आकृती काढून जोडली. सेक्रेटरींनी ती उलटसुलट पाहिली, 'वामकुक्षीच्या वेळी काम बंद ठेवावे' असा शेरा मारला आणि रिकामी जागा दिसली तिथं, म्हणजे बरोबर फुगवट्याच्या मध्यभागी, झोकात सही ठोकली.

गच्चीवर पट्टीसाहेबांनी जीव ओतला. नाकात भुसा, कानात भुसा, चष्म्यावर भुसा. पातं रेघ सोडून भरकटे तेव्हा ते त्याला 'अरे, अरे' म्हणून समजावत. पहिली फळी निघाली. ती दुसऱ्या प्लायवूडवर ठेवून, तिच्याच कडेनं रेघ मारून दुसरी कापली. अगदी हुबेहूब! आनंदानं त्यांनी बायकोला वर बोलावलं.

बायकोनं दोन्ही फळ्या पाहिल्या. "गुळगुळीत बाजू बाहेर येणार ना?"

"अर्थात."

"मग या दोन्ही डाव्याच आहेत."

पट्टीसाहेबांनी एक फळी उलटी केली. खडबडीत बाजू वर आली. पुन्हा उलटी केली. गुळगुळीत बाजू आली, पण फुगवटा मागे गेला. दोन डावे बूट उलटसुलट करून बघणाऱ्या माणसासारखे ते कितीतरी वेळ ती फळी फिरवत राहिले.

"खडबडीत बाजू भिंतीकडे लावा," बायको म्हणाली. "घरात निम्म्या गोष्टी आपण तशाच लावल्यात."

तेवढ्यावर भागलं असतं. पण पट्टीसाहेबांनी कडा घासून, फळ्यांना गडद तपकिरी रंग दिला आणि त्या वाळायला पाण्याच्या टाकीला दोन बाजूंनी टेकून उभ्या केल्या. सेक्रेटरींचा सफारी नेमका त्याच रंगाचा होता, हा मात्र शुद्ध योगायोग.

संध्याकाळी हेडमास्तर हवा खायला वर आले. ऊन कलतं होतं. टाकीपाशी कुणी भारदस्त व्यक्ती तिरकी उभी आहे, असं त्यांना दिसलं.

"काय सेक्रेटरीसाहेब!" हेडमास्तर म्हणाले. "बरे सापडलात. आमच्या नळाला धार येत नाही. तुम्हाला मी किती वेळा सांगितलं?"

फळी काही बोलली नाही. एरवी हेडमास्तरांना दुसऱ्या वाक्यापलीकडे कुणी जाऊ देत नसे. त्यामुळे त्यांना हुरूप आला. ते नळावरून लिफ्टवर आले, लिफ्टवरून वर्गणीवर, वर्गणीवरून सेक्रेटरींच्या स्वभावावर. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण माणूस पोटानं मोठा होत नाही, मनानं होतो. मी तुमचा शिक्षक असतो तर तुम्हाला खालच्या वर्गात ठेवलं असतं. जाऊ द्या. आज मात्र तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. पहिल्यांदाच. बरं वाटलं." आणि समाधानानं वळले, ते थेट खऱ्या सेक्रेटरींच्या पोटावर आदळले.

सेक्रेटरी टाकी पाहायला आले होते आणि बराच वेळ मागे उभे होते. कपडे काढायला आलेल्या बायका दोरीवरच्या चादरींमागे तोंड लपवून हसत होत्या. सेक्रेटरींनी फळीकडे पाहिलं. मग खाली स्वतःकडे पाहिलं. मग पुन्हा फळीकडे.

दुसऱ्याच दिवशी समितीची तातडीची सभा पार्किंगमध्ये भरली. विषय एकच. 'पदाधिकाऱ्याची लाकडी विटंबना.' फळी एका खांबाला टेकवून आरोपीसारखी उभी केली होती. तिच्याशेजारी पट्टीसाहेब, थोडे कमी ताठ.

"हे व्हिडिओ गेमचं कपाट आहे," पट्टीसाहेब म्हणाले. "जगात सगळीकडे असंच असतं."

"म्हणजे जगभर माझी चेष्टा चाललीय, असं म्हणायचंय तुम्हाला?" सेक्रेटरी गरजले.

"साम्य आहे की नाही ते आधी ठरवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साहेब, जरा फळीशेजारी तिरके उभे राहा बघू."

सेक्रेटरी तिरके उभे राहिले.  कुणी चपलेकडे बघू लागलं, कुणी छताकडे. कपाळ तेच, हनुवटीखालची खोबण तीच आणि पोट तर बादलीनं नव्हे, सेक्रेटरींना झोपवून भोवती पेन्सिल फिरवल्यासारखं. हेडमास्तर पुटपुटले, "माझी काही चूक नव्हती."

"पण साहेब, आकृती तुम्ही मंजूर केलीत," पट्टीसाहेबांनी अर्ज पुढे केला. "ही सही तुमचीच. तीही पोटावर."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. त्यांचा आवाज मात्र अचानक खाली आला. "माझा नातू मला सकाळपासून 'फळी आजोबा' म्हणतोय," ते म्हणाले.

पट्टीसाहेबांना एकदम वाईट वाटलं. साडूसमोर स्वतःचं काय झालं होतं ते त्यांना आठवलं. कुणाचं हसं करण्यासाठी त्यांनी करवत धरली नव्हती. "पोट कमी करतो," ते म्हणाले, आणि इथंच त्यांचं चुकलं.

कारण दोन्ही फळ्यांचं पोट छाटल्यावर उरली ती उंच, पुढे वाकलेली, फुगवटा नसलेली आकृती. ती पाहून हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "हा बाक कुणाचा?" त्यांनी विचारलं. "ही माझी पाठ आहे. तीस वर्षं फळ्यावर लिहून वाकलेली पाठ. पट्टीसाहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बाक छाटला. आता कपाळ तेवढं पुढं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई आल्यात राहायला. त्यांनी हे आपलं कपाळ पाहिलं तर मला घरात राहता येणार नाही." सासूबाईंनी तोवर खिडकीतून पाहिलंही होतं. कपाळही छाटलं. प्रत्येक छाटणीगणिक इमारतीतला एकेक माणूस खूश होत गेला आणि फळी बारीक होत गेली. शेवटी समितीनं ठराव केला, की फळी आता कुणासारखीच दिसत नाही आणि समितीची काही हरकत नाही.

कशी दिसेल? कडेला करवत लावून लावून ती सरळ, अरुंद आणि गुळगुळीत झाली होती. पट्टीसाहेबांनी आयुष्यभर आखलेल्या भूखंडासारखी. चार कोपरे आणि त्यांच्यामध्ये सरळ रेघा.

रविवारी साडू सहकुटुंब जेवायला आले. येताना त्यांनी स्वतः केलेला लाकडी ट्रे भेट आणला. पट्टीसाहेबांनी फळ्या लपवायला पलंगाखाली सरकवल्या होत्या, पण साडूंची नजर लाकडावर बरोबर जाते. त्यांनी एक फळी बाहेर ओढली, तिच्या कडेवर बोट फिरवलं आणि तिला मनापासून थाप मारली.

"वा, साडूभाऊ! इस्त्रीची फळी! अगदी सरळ केलीत हो. पहिल्या प्रयत्नात एवढं सरळ जमत नाही कुणाला."

बोलण्यात कुचेष्टेचा लवलेश नव्हता. तेच जास्त लागलं. टोमण्याला उत्तर देता येतं, कौतुकाला माणूस काय करणार? पट्टीसाहेब "हं" म्हणाले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मेव्हणीनं दोनदा विचारलं, बरं नाही का? बायकोनं दोन्ही वेळा विषय बदलला. विनोद करायची संधी तिला तीनदा आली होती. तिन्ही वेळा तिनं ती सोडली, हे पट्टीसाहेबांच्या लक्षात आलं.

पाहुणे गेल्यावर ते खिडकीशी जाऊन बसले. "मी करवत परत करून येतो," ते म्हणाले.

"अहो, ऐका जरा," बायको म्हणाली. "ती फळी कुणासारखी तरी दिसणारच ना? माणसाच्या उंचीची वस्तू माणसासारखीच दिसणार. मग ज्याची तक्रार येणार नाही असा माणूस घ्या."

"असा माणूस या इमारतीत आहे कुठं?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. बघतच राहिली.

"छे," पट्टीसाहेब म्हणाले. "माझं कुठं तसं आहे?"

"बनियन घालून उभे राहा."

नवं प्लायवूड आणलं, या वेळी कर्ण मोजून. ते भिंतीला उभं केलं आणि पट्टीसाहेब त्याला खांदा लावून तिरके उभे राहिले. बायकोनं पेन्सिल घेतली. ती कपाळावरून उतरली, नाकाला तिनं सवलत दिली, गळ्याच्या खोबणीतून खाली आली आणि छातीखाली थांबली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"अहो, तोंड जांभळं पडलंय. कुणी नाहीये इथं, मीच आहे. सोडा!"

पट्टीसाहेबांनी श्वास सोडला. कितीतरी वर्षांचा असावा तो. पेन्सिल बोटांसकट पुढे ढकलली गेली आणि बायको इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग पट्टीसाहेबही हसायला लागले, त्यामुळे पोट हलायला लागलं आणि रेघ तिथं जरा लाटेसारखी आली. ती त्यांनी तशीच ठेवली. कापताना त्यांनी एक डावी कापली आणि एक उजवी.

कपाट उभं राहिलं. त्यात जुना पडदा बसला, दांडी बसली, बटणं बसली. साडू पुन्हा आले, त्यांनी कपाटाभोवती चक्कर मारली आणि फुगवट्यावर हात ठेवून थाप मारायचं विसरले. "हे वळण कुठून काढलंत हो?" त्यांनी विचारलं.

"घरचंच आहे," पट्टीसाहेब म्हणाले.

मग हळूहळू इमारत लोटली. हेडमास्तर दांडी धरून पडद्याला सूचना देत बसत. डॉक्टरीणबाई सासूबाईंना घेऊन आल्या आणि सासूबाईंनी सगळ्यांना हरवलं. सगळ्यांच्या शेवटी, सगळे पांगल्यावर, सेक्रेटरी आले.  सेक्रेटरींनी कपाट पुढून पाहिलं. मग बाजूनं पाहिलं. मग पट्टीसाहेबांना बाजूनं पाहिलं.

"हे तुम्ही आहात," ते म्हणाले.

"हो."

"मग समितीची हरकत नाही."

तरी ते गेले नाहीत. बटणांपाशी पुढे आलेल्या त्या फुगवट्यावरून त्यांनी सावकाश हात फिरवला. दाराकडे कुणी येत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"राग मानू नका, पट्टीसाहेब. पण माझं होतं ना, ते जास्त शोभत होतं."